नागपुरात कोकीळ बोलायला लागली, आता थंडी गेली समजायची का?

गच्चीबाग_बजाजनगर

नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे, पण त्यावरून घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारते.

आमच्या घरासमोर एक जुना कडुनिंब आहे आणि मागच्या गल्लीत उंबर. २६ जानेवारीला झेंडावंदनासाठी मुलाला पहाटे उठवत होते, तेव्हा कोकीळ ऐकू आली. पूर्ण नाही, दोन-तीनदा अर्धवट 'कु… कु…' करून थांबली. आमचे आबाजी, म्हणजे माझे आजेसासरे, मूळचे नरखेडकडचे. ते लगेच म्हणाले, "झालं, थंडी गेली. गोधड्यांना ऊन दाखवा अन् बांधून ठेवा. कूलर खाली काढा." त्यांच्या गावी असंच ठरायचं म्हणे. कोकीळ बोलली की वसंत लागला आणि माणसं होळीच्या लाकडांकडे बघायला लागत. सासूबाईंचं म्हणणं वेगळं. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते, तोवर एकही गोधडी आत जायची नाही. घरात आठ महिन्यांचं बाळ आहे, पहाटे अजून चांगलीच हुडहुडी भरते, त्यामुळे मला ठरवायचं आहे की ऐकू कुणाचं.

त्यात मोठ्याला शाळेत अमेरिकेच्या ग्राउंडहॉगची गोष्ट सांगितली आहे. २ फेब्रुवारीला पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावात त्या प्राण्याला बिळातून बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर आणखी सहा आठवडे हिवाळा, नाही दिसली तर वसंत लवकर. १८८७ पासून हे चालू आहे म्हणे. आता मुलाचा प्रश्न, "आई, आपला ग्राउंडहॉग कोण? कोकीळच ना?" त्याला वहीत लिहायचं आहे आणि मला चुकीचं काही सांगायचं नाही.

कोकीळ खरंच काही सांगते का? आणि इतक्या थंडीत ती बोलून कशी राहिली?

रामटेकवाला

ताई, आमच्याकडे पक्ष्यापेक्षा पळस बघतात. रामटेकहून देवलापारकडे निघालं की फेब्रुवारी संपता संपता रस्त्याच्या दोन्ही बाजू पेटल्यासारख्या दिसतात, झाडावर पान एक नाही. कोकीळ चार दिवस आधी बोलेल, चार दिवस उशिरा बोलेल, पळस फुलला की वसंत आला. त्यानंतर मोह गळायला लागतो आणि बायामाणसं पहाटे टोपल्या घेऊन निघतात. आमच्यासाठी तोच पंचांग.

माजी_कृषी_सहायक

ताई, आबाजींना माझा नमस्कार सांगा. मी कृषी सहायक होतो. नोकरी कळमेश्वर आणि काटोल तालुक्यात झाली, संत्र्याच्या बागा तुडवण्यात उमर गेली. आता काटोल रोडला राहतो, गोरेवाड्याच्या अंगाने. कोकीळ हा माझ्या जिव्हाळ्याचा पक्षी आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

कोकीळ ऋतू सांगते, हवामान सांगत नाही. तुमच्या घरातला वाद एवढ्याने मिटावा.

पुष्कळांना वाटतं की ती वसंतात कुठून तरी येते. आपल्याकडची कोकीळ कुठे जात नाही. वर्षभर इथेच असते, फक्त हिवाळ्यात गप्प असते. उंबर, वड, पिंपळाची फळं खात दाट पानांत बसून राहते. तुमच्या मागच्या गल्लीतल्या उंबरावर डिसेंबरातही असणार. न बोलणारा काळा पक्षी पानांत कोण शोधतो? मादी तर दिसतही नाही. तपकिरी अंग, त्यावर पांढरे ठिपके आणि पट्टे. दोन हातांवर बसली तरी नजर तिच्यावरून निघून जाते. बोलतो तो नर. चकाकता काळा, लालभडक डोळे, फिकट हिरवट चोच.

आता तो बोलतो कशावरून? दिवसाच्या लांबीवरून. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो असं आपण म्हणतो. नागपुरात डिसेंबरच्या शेवटी दिवस अकरा तासांपेक्षा थोडा कमी असतो, तो वाढत वाढत जूनमध्ये साडेतेरा तासांच्या जवळ जातो. उजेडाचे तास वाढले की नराच्या शरीरात विणीची तयारी सुरू होते, संप्रेरकं वाढतात आणि त्याला कंठ फुटतो. हा उजेड दरवर्षी ठरल्याप्रमाणेच वाढतो. थंडी कडक पडो की सौम्य, जानेवारीअखेर ते फेब्रुवारी या दरम्यान कुठेतरी पहिला आवाज येतोच. आबाजींच्या गावाने त्यावर पिढ्यान् पिढ्या भरवसा ठेवला तो उगाच नाही.

पण थंडी काही दिवसाची लांबी बघून जात नाही. तिकडे हिमालयात बर्फ पडला आणि उत्तरेचं वारं इकडे वळलं की पारा उतरतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरात ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, आठवत असेल. फेब्रुवारीतही अशी एखादी लाट येते. ती येणार आहे हे कोकिळेला कळत नाही, कळायची तिला गरजही नाही.

गारपिटीचंही तेच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात गारपीट झाली. माझ्या भागात कोकीळ त्याआधीच बोलत होती, बागेत संत्र्याच्या आंबिया बहाराचा फुलोरा होता, हरभरा घाट्यावर होता, गहू ओंबीवर. सगळं झोपलं. त्या दिवसांत पंचनाम्याला फिरताना एका बागेत उभा होतो. पायाखाली पांढऱ्या फुलांचा आणि गारांचा एकच चिखल झाला होता, आणि धुऱ्यावरच्या आंब्यावर नर खुशाल बोलत होता. शेतकरी म्हणाला, "साहेब, हिला काही वाटत नाही का?" मी काही बोललो नाही. पण तेव्हापासून कुणी म्हणालं की कोकीळ बोलली, आता हवामान स्वच्छ, की मी त्याला थांबवतो.

संत्र्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण आपल्याकडे हे दोन्ही एकात एक मिसळतात. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडतात, म्हणजे ताण देतात. मग ताण सोडून पाणी दिलं की जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत झाड फुलतं. काटोल-वरुडकडे त्या दिवसांत रात्री मोटारसायकलवरून निघालात तर वास अंगावर येतो. जुने बागायतदार म्हणत की कोकीळ बोलली की बहार फुटला. दोन्ही साधारण एकाच वेळी होतं हे खरं. पण संत्र्याचं फूल थंडीवर आणि ताणावर येतं. थंडी नीट पडली नाही किंवा जानेवारीत पाऊस होऊन ताण मोडला, तर बहार विस्कटतो. कोकीळ मात्र तिच्या वेळेला हजर. दोघांची घड्याळं वेगळी आहेत. म्हणून कोकिळेवरून बागेचं पाणी सोडू नका असं मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगायचो.

मग ती घाई कशाची करते? कावळ्याची.

ती स्वतः घरटं बांधत नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण त्यामुळे तिचं सगळं पंचांग कावळ्याच्या हातात जातं, हे लक्षात येत नाही. आपल्याकडे कावळा मार्चअखेरपासून काड्या जमवतो, एप्रिल ते जून घरटी भरलेली असतात आणि पावसाची झड लागण्याआधी बहुतेक पिल्लं उडतात. कोकिळेला तोवर जोडी जमवायची, आपली हद्द राखायची, घरटी हेरून ठेवायची. म्हणून नर दोन महिने आधीपासून गळा तापवतो. तुम्हाला २६ जानेवारीला ऐकू आलं ते तेच. अजून सूर लागलेला नाही.

आमच्या घरासमोरही एक कडुनिंब आहे, विजेच्या तारांना लागून. गच्चीवरून त्यातलं कावळ्याचं घरटं सरळ दिसतं. काड्या थोड्या, बांधकामावरून उचललेली बांधणीची तार जास्त, आणि कडेला कुणाचा तरी तुटका कंगवा अडकवलेला. एप्रिलच्या एका सकाळी नर त्या झाडाच्या अगदी शेंड्यावर, उघड्यावर येऊन बसला आणि बोलायला लागला. एरवी लपणारा पक्षी उघड्यावर का आला म्हणून मी थांबलो. दोन्ही कावळे त्याच्या मागे लागले. तो पळाला तो थेट नाल्यापर्यंत, कावळे त्याच्या शेपटीला. तेवढ्यात खालच्या फांदीतून मादी निघाली, घरट्यावर टेकली आणि मी चष्मा पुसेस्तोवर परत पानांत गेली. कावळे आले, घरट्यात डोकावले आणि बसले. तिचं अंडं कावळ्याच्या अंड्यापेक्षा लहान असतं, पण रंग तसाच निळसर हिरवा, त्यावर तपकिरी शिंतोडे. शिवाय ते बारा ते चौदा दिवसांत फुटतं, कावळ्याच्या अंड्याला त्याहून जास्त दिवस लागतात. म्हणजे तिचं पिल्लू आधी तोंड उघडतं आणि आधी घास मिळवतं.

त्याच वर्षी मृग लागल्यावर आमच्या पाण्याच्या टाकीवर कोकिळेचं पिल्लू बसलेलं दिसलं. अंगाने जवळजवळ कावळ्याएवढं, पंख थरथरवत तोंड वासून ओरडत होतं, आणि कावळी त्याच्या घशात पोळीचा भिजलेला तुकडा घालत होती. ज्याला हे बघायचं आहे त्याने जूनमध्ये गच्चीवर जावं, नागपुरात कुठल्याही मोहल्ल्यात दिसतं.

तर मुलाला असं सांगा. जानेवारीचा तुटक आवाज म्हणजे सुरुवात. फेब्रुवारीच्या मध्यापासून नराचा 'कुऊ' एकापाठोपाठ एक चढत जातो, सहा-सात वेळा वर जाऊन तुटतो आणि पुन्हा खालून सुरू होतो. त्यानंतर एक दिवस झाडातून 'किक-किक-किक' असा घाईचा, तिखट आवाज येईल. ती मादी. माझ्यासाठी वसंत तेव्हा लागतो. नर काय, एकटाही बोलत बसतो. मादीने उत्तर दिलं की काम सुरू झालं.

आणि गोधड्या? बाळ घरात आहे, तर सासूबाईंचंच ऐका. आबाजींना म्हणावं, वसंत तुमचा, गोधडी आईंची.

रामटेकवाले भाऊ, पळसाबद्दल एकदम मान्य. पण पळस शहरात किती घरांसमोर उरलाय? बजाजनगरच्या पोराला गच्चीवरून जे मिळेल तेच सांगायला हवं.

सिव्हिललाइन्स_रात्रपाळी

काका, माहिती फार छान. पण मी रात्रपाळी करतो, दोन वाजता घरी येऊन झोपतो आणि मार्चपासून साडेतीनलाच हा नर खिडकीबाहेर सुरू होतो. आमच्याकडे जुनी मोठी झाडं, त्यामुळे एक थांबला की दुसरा. हे किती महिने चालणार? आणि रात्रीच का?

माजी_कृषी_सहायक

भाऊ, तुमचा त्रास खरा आहे. विणीच्या दिवसांत नर पहाटेच्या अंधारातच सुरू होतो, चांदण्या रात्री तर मध्यरात्रीही. सिव्हिल लाइन्सला वड-पिंपळ भरपूर, म्हणजे खाणं भरपूर, आणि जुन्या झाडांवर कावळ्यांची घरटीही भरपूर. तुमच्याकडे नर जास्त असणारच. एक बोलला की शेजारच्या हद्दीतला उत्तर देतो. जुलै उलटला की आवाज कमी होत जातो, सप्टेंबरपर्यंत बहुतेक शांत. त्या बाजूची खिडकी बंद ठेवून कूलर दुसऱ्या खिडकीला लावता आला तर बघा. कूलरच्या आवाजात बराचसा बुडतो.

महालची_आजी

माझाही अनुभव लिहिते. आमच्याकडे अधिक आषाढ आला की कोकिळाव्रत करतात. शेवटचा अधिक आषाढ २०१५ ला आला होता, जून-जुलैत. कोकिळेचा आवाज कानी पडल्याशिवाय जेवायचं नाही असा नेम. शंकरांनी सतीला कोकिळा होण्याचा शाप दिला ती कथा त्यात वाचतात. माझ्या सासूबाई आधीच्या खेपेला, १९९६ ला, हे व्रत करत होत्या. तेव्हा महालात वाड्यामागे चिंच होती, अंगणात उभं राहिलं की आवाज. २०१५ ला मी केलं तेव्हा चिंच गेलेली, वाडाही गेलेला. मग सून मला स्कूटरवर बसवून महाराजबागेकडे न्यायची. तिथे ऐकलं की घरी येऊन पान वाढायचं. पुढचा अधिक आषाढ मी बघेन न बघेन, पण झाडं ठेवा गं पोरींनो. पक्षी कुठे बसायचा?

गच्चीबाग_बजाजनगर

काकाजी, किती मनापासून लिहिलंत. आबाजींना मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवलं. "वसंत तुमचा, गोधडी आईंची" हे ऐकून ते हसले आणि गोधड्या राहू द्या म्हणाले. मुलाने वहीत तुमचं किक-किक लिहून घेतलं आहे.

आजी, तुमचं वाचून मात्र मला बोलावंच लागतंय, कारण एक गोष्ट मी प्रश्नात लिहिली नव्हती. समोरच्या कडुनिंबाच्या फांद्या छाटायचं गल्लीत ठरतंय. मागच्या मे महिन्यात कावळ्यांनी दोघा-तिघांच्या डोक्यावर चोच मारली होती. एकजण म्हणतो एप्रिलमध्ये घरटं दिसलं की फांदीच उतरवू. काय सांगू त्यांना?

माजी_कृषी_सहायक

ताई, हे आधी सांगायला हवं होतं! गोधड्यांपेक्षा हे महत्त्वाचं आहे.

एप्रिलमध्ये फांदी उतरवू देऊ नका. तेव्हा घरट्यात अंडी किंवा पिल्लं असणार, कावळ्याचीही आणि कोकिळेचीही. शिवाय घरटं मोडलं की कावळा शांत होत नाही, जास्त बिथरतो आणि आठवड्याभरात शेजारच्या झाडावर पुन्हा बांधायला घेतो. म्हणजे चोच खायची तीच माणसं, वर एक झाड बोडकं.

फांद्या खरंच तारांना लागत असतील तर आत्ता, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, तेवढ्याच काढा. अजून कावळ्याने काडी उचललेली नाही. नाहीतर थेट पावसाळ्यानंतर. आणि घरासमोर असलं तरी झाड आपल्या मनाने तोडता येत नाही. महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, परवानगी लागते. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करायचा. अर्जात "तारांना लागणाऱ्या फांद्या" एवढंच लिहा, "झाड कमी करणे" असं लिहू नका. मोघम लिहिलं की छाटणारे बुंध्यापर्यंत येतात.

चोच मारण्याचं म्हणाल तर कावळा ते पिल्लं उडायला लागली त्या दोन-तीन आठवड्यांतच करतो. त्या दिवसांत झाडाखालून जाताना छत्री उघडा. मे महिन्याच्या नागपुरात दुपारी छत्री तशीही लागते, २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. गाडी झाडाखाली लावू नका आणि लहान मुलांना तेवढे दिवस पलीकडच्या फुटपाथने न्या. माझ्या गल्लीत आम्ही निंबाला पुठ्ठ्याची पाटी बांधतो, "वर पिल्लं आहेत, डोकं झाका". लोक ऐकतात. जो सगळ्यात जास्त चिडायचा तोच आता मे महिन्यात पाटी लावतो.

तुमच्या गल्लीतल्या माणसाला एवढंच विचारा की जानेवारीत ज्या आवाजाला तुमच्या घरातही कुणीतरी "वसंत आला" म्हणालं असेल, त्या आवाजाचं पिल्लू कुठे वाढतं? त्याच फांदीवर.

मुलाला एक काम द्या. वहीत तीन तारखा लिहायच्या. नराचा चढता आवाज पहिल्यांदा आला ती, मादीचं किक-किक आलं ती, आणि कावळा काडी किंवा तार घेऊन निंबावर गेला ती. फेब्रुवारीत चार दिवस जगभर लोक आपापल्या घराजवळचे पक्षी मोजून ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवतात. त्या चार दिवसांत तोही पंधरा मिनिटं गच्चीवर बसू शकतो, मोबाइलवर नोंद होते. रामटेकवाले भाऊ, तुम्ही पळसाचं पहिलं फूल लिहा. आजी, महालात आवाज आला तर तुम्हीही लिहा.

गच्चीबाग_बजाजनगर

अर्ज उद्याच टाकते काकाजी, "तारांना लागणाऱ्या फांद्या" एवढंच लिहून. पाटीचं काम मुलाने स्वतःकडे घेतलं आहे. पुठ्ठा आतापासूनच शोधून ठेवलाय.

रामटेकवाला

लिहितो भाऊ. आमच्याकडे अजून कळ्याच आहेत, काळ्या मखमलीसारख्या. फुलला की त्याच दिवशी इथे टाकतो.